सूतभराचा फरक

वऱ्हाडातल्या टाइल मिस्त्रीच्या टेपवर मिलिमीटरच्या रेषा छापलेल्या असतात, पण तो हिशेब करतो सुतात. एका इंचाचे ८ सूत. म्हणजे एक सूत झालं जेमतेम ३.२ मिलिमीटर. भिंतीच्या गिलाव्यात एवढा फरक पडला तर त्या घरात दहा वर्षं राहूनही तो कुणाच्या ध्यानात येत नाही. बाथरूमच्या टाइल्समध्ये मात्र अर्ध्या सुताचा फरक दारातूनच दिसतो, कारण तिथे दोन टाइल्समधली फटच मुळी २ मिलिमीटरची असते. एक फट २ची आणि शेजारची साडेतीनची झाली, की दुसरी पहिलीच्या जवळपास दुप्पट रुंद दिसते. सगळीकडे सरळ रेषा असताना एखादीच वाकली, तर नजर नेमकी तिच्यावरच जाते.

अकोल्यात कौलखेड, खडकी, मलकापूर. अमरावतीत कठोरा रोड, रहाटगाव, साईनगर. दोन्ही शहरांच्या या अंगांना बारा महिने कुठे ना कुठे बांधकाम सुरू असतं. टाइल बसून होते, मिस्त्री बादली धुवायला घेतो, आणि घरमालकाला फटी दिसतात. मग ठरलेलं उत्तर येतं: "भाऊ, ग्राउट भरलं का सारं झाकून जाईन." मिस्त्री काही फसवत नसतो. ग्राउटने फटीची खोली खरोखरच झाकली जाते. पण रुंदी तेवढीच राहते, आणि रंगाने भरलेली रेषा रिकाम्या फटीपेक्षा ठळक उठून दिसते. पांढऱ्या टाइलवर काळं किंवा गडद राखाडी ग्राउट भरलं तर प्रत्येक मिलिमीटर मोजून घेता येईल इतका स्पष्ट होतो. म्हणून फटी तपासायची वेळ एकच: टाइल घट्ट झाल्यावर आणि ग्राउट भरण्याआधी.

फट कमी-जास्त दिसली की पहिला राग मिस्त्रीच्या हातावर निघतो. पण टाइलकामात फट ही अशी जागा आहे, जिथे बाकी सगळ्यांच्या चुका येऊन जमतात. भट्टीची चूक तिथे येते, भिंतीची येते, मापाच्या हिशेबाची येते आणि उन्हाचीही येते. यातली कोणती आली हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. कारण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे, आणि चुकीचा उपाय केला तर चांगल्या टाइल्स वाया जातात.

भट्टीपासून सुरुवात करू. वऱ्हाडात येणाऱ्या टाइल्सचा फार मोठा हिस्सा गुजरातमधल्या मोरबीहून ट्रकने येतो. भिंतीची टाइल म्हणजे दाबून चपटी केलेली मातीची भुकटी, ११०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजलेली. भाजताना माती आकसते, आणि प्रत्येक टाइल तंतोतंत सारखी आकसत नाही. म्हणून खोक्यावर '३०० गुणिले ४५०' छापलेलं असलं तरी आतली टाइल २९९.५ किंवा ३००.५ असू शकते. कारखाने मापानुसार टाइल्स निवडून वेगवेगळ्या खोक्यांत भरतात आणि खोक्यावर बॅच, शेड आणि मापाचा गट छापतात. बहुतेक घरमालक त्यातलं फक्त डिझाइनचं नाव वाचतात. दुकानात १२ खोकी होती, ४ कमी पडली, ती आठवड्याने दुसऱ्या ट्रकमधून आली. आणि मग एकाच भिंतीवर दोन मापांच्या टाइल्स लागतात. एका टाइलमागे १ मिलिमीटर फरक असला तर ८ टाइल्सच्या ओळीत तो ८ मिलिमीटर होतो, म्हणजे अडीच सूत. मिस्त्री तो फरक कुठेतरी पचवणार. पचवायला जागा एकच, फट.

अमेरिकेतल्या टाइलकामाच्या प्रमाणकात यासाठी एक साधा नियम आहे: टाइल्सच्या मापात जेवढा फरक असेल त्याच्या निदान तिप्पट फट ठेवावी. टाइल्समध्ये १ मिलिमीटरचा फरक सापडला, तर फट ३ मिलिमीटरची. हा नियम आपल्याकडे पाळला जात नाही, कारण शोरूममध्ये गिऱ्हाईक 'जॉइंट दिसायला नको' असंच सांगून येतं. बारीक फट हवीच असेल तर कडा भाजल्यानंतर यंत्रावर घासून एकसारख्या केलेल्या, म्हणजे रेक्टिफाइड टाइल्स घ्याव्या लागतात. साध्या टाइल्सना तो आग्रह झेपत नाही. तपासणी मात्र फुकट आहे. वेगवेगळ्या खोक्यांतून दहा टाइल्स काढायच्या, सपाट फरशीवर एकमेकींना चिकटवून उभ्या करायच्या आणि वरच्या कडांवरून बोट फिरवायचं. जिथे बोट अडतं तिथे माप बदललेलं असतं.

बिनफटीची टाइल मागणाऱ्यांनी अकोल्याचा मे महिना आठवावा. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापत राहते. तापमान ३० अंशांनी वाढलं, की आठ फुटांची टाइलची ओळ जवळपास अर्धा मिलिमीटर लांब होते. फटी असतील तर ही वाढ त्यांच्यात वाटली जाते. नसतील तर कडेला कड ढकलली जाते आणि एखादी कमकुवत बसलेली टाइल भिंत सोडते.

फट टाळून बांधकाम करता येतं, पण त्याची रीत निराळी. दर्यापूर तालुक्यातलं लासूरचं आनंदेश्वर मंदिर किंवा अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीचं बाराव्या शतकातलं मंदिर पाहिलं, तर दगडाला दगड इतका नेमका भिडलेला दिसतो की सांधा बोटाने शोधावा लागतो. चुना नाही, भरण नाही. तिथल्या पाथरवटाने प्रत्येक दगड त्याच्या शेजाऱ्याच्या मापाने घडवला होता. बसला नाही तर पुन्हा छिन्नी लावली. टाइल मिस्त्रीला ती मुभा नाही. त्याच्या हातात येणारा तुकडा शेकडो किलोमीटरवर आधीच भाजून पक्का झालेला असतो, आणि त्याची चकाकी कडेला फुटली तर पुन्हा येत नाही. म्हणून त्याला फट लागते.

आता भिंतीकडे. वऱ्हाडात बाथरूमच्या चुकीचा सगळ्यात मोठा उगम जमिनीलगतच्या पहिल्या ओळीत असतो. पुष्कळ मिस्त्री पहिली ओळ थेट फरशीवर टेकवून चढवत जातात. पण बाथरूमच्या जमिनीला पाणी निघायला उतार दिलेला असतो, आणि तो द्यायलाच हवा. त्या उतारावर टेकलेली पहिली ओळ तिरपी बसते. दुसऱ्या ओळीत तिरपेपणा लपवायला एका बाजूची फट वाढवली जाते, तिसरीत आणखी. आणि डोळ्याच्या उंचीवर पोचेपर्यंत आडवी रेषा नळाच्या एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होते. जाणता मिस्त्री असं करत नाही. तो पाण्याची पारदर्शक नळी किंवा लेझर लावून चारही भिंतींवर एकच पातळी काढतो, तिथे लाकडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी ठोकतो आणि दुसऱ्या ओळीपासून काम सुरू करतो. खालची ओळ सगळ्यात शेवटी, उताराच्या मापाने कापून.

उभ्या रेषांसाठी ओळंबा आणि कोपऱ्यासाठी गुण्या. गुण्या छोटा असतो आणि त्यातली चूक लांबवर वाढते, म्हणून कोपरा तपासायला ३-४-५ची जुनी रीत जास्त भरवशाची: एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, दोन खुणांमधलं अंतर ५ फूट भरलं तर काटकोन खरा. पाव इंचाचा फरक निघाला, तर तो गिलाव्यात दुरुस्त करावा. गिलावा स्वस्त आहे. टाइल लागल्यावर तोच पाव इंच फार महाग पडतो.

तिसरी चूक कागदावरची, आणि ती सगळ्यात सहज टाळता येते. समजा भिंत ८ फुटांची आहे, म्हणजे २४३८ मिलिमीटर. टाइलची रुंदी ३००, फट २. आठ अखंड टाइल्स आणि त्यांच्यातल्या सात फटी मिळून २४१४ होतात. उरले २४ मिलिमीटर. एवढीशी पट्टी कापणं अवघड, आणि लावली तरी वाईट दिसते. मग काय होतं? ते २४ मिलिमीटर सात फटींमध्ये वाटले जातात. दोनची फट साडेपाचच्या जवळ पोचते, आणि हे वाटप मिस्त्री अंदाजाने करत असल्याने कुठे चार, कुठे सात. शेजारच्या भिंतीवर फट पुन्हा दोनचीच. घरमालकाला ही हयगय वाटते. ती खरं तर न केलेली वजाबाकी असते. याच भिंतीवर मध्यापासून सुरुवात केली असती तर सात अखंड टाइल्स आल्या असत्या आणि दोन्ही टोकांना १६१ मिलिमीटरचा सारखा तुकडा. आठही फटी बरोबर २ मिलिमीटरच्या. टाइल्स जमिनीवर कोऱ्या मांडून पाहायला फार वेळ लागत नाही, आणि घरमालकाने आग्रह धरायचा असेल तर तो इथे धरावा.

मग येतो चिकटवण्याचा भाग. जुन्या पद्धतीत सिमेंटचा घोळ टाइलच्या पाठीवर फासून ती भिंतीवर ठोकतात. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, म्हणून ती आधी पाण्यात भिजवावी लागते. नाहीतर ती सिमेंटातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चं राहतं. विट्रिफाइड टाइल उलट अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसतं सिमेंट तिला धरत नाही. तिला अ‍ॅडहेसिव्ह लागतं. पोत्यावर १५४७७ हा भारतीय प्रमाणकाचा क्रमांक आणि खाली प्रकार लिहिलेला असतो. टाइल कोणती आणि भिंत आतली की बाहेरची, यावर प्रकार ठरतो. घोळ पातळ झाला किंवा अ‍ॅडहेसिव्हमध्ये पाणी जास्त पडलं, की जड टाइल वजनाने सावकाश खाली सरकते. वरची फट रुंदावते, खालची मिटते. स्पेसर काढायची घाई केली तरी हेच होतं. हल्ली ज्या प्लास्टिकच्या क्लिपा आणि पाचरा दिसतात, त्या दोन टाइल्सच्या पृष्ठभागांची उंची सारखी ठेवतात. फटीची रुंदी राखायला स्पेसर वेगळे लावावे लागतात.

उन्हाळ्यात याला आणखी एक अडचण जोडली जाते. अ‍ॅडहेसिव्ह भिंतीवर पसरल्यावर साधारण २० मिनिटं कामाचं राहतं, असं धरलं जातं. पण ते माप प्रयोगशाळेतल्या हवेचं. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडातल्या कोरड्या झळा लागल्या की त्याच्यावर कितीतरी आधी पापुद्रा धरतो. वरून ओलं दिसतं, बोट टेकवलं तर बोटाला काही लागत नाही. अशा थरावर ठोकलेली टाइल नीट रोवत नाही, हलवली तर नेमकी जागेवर येत नाही आणि पुढे पोकळ वाजते. उपाय सरळ आहे: दातेरी थापीने एका वेळी दोन-तीन टाइल्सपुरतंच पसरायचं, आणि मे महिन्यात हे काम सकाळी उरकायचं.

अजून दोन कारणं खास या मातीची आहेत आणि ती बसवण्याच्या चुकांपासून वेगळी ओळखता यायला हवीत. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर घरही वर्षाकाठी वर-खाली होतं. म्हणूनच रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेले पाइलचे पाये विकसित केले. फटी बसवल्या दिवशी सारख्या होत्या आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एका कोपऱ्यात रुंदावल्या, किंवा भेग फटीतून निघून सरळ टाइल चिरत गेली, तर दोष टाइल मिस्त्रीचा नाही. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवावी. काही महिन्यांत ती तडकली तर भिंत अजून हलते आहे, आणि तोवर ग्राउट बदलणं म्हणजे पैसे वाया.

दुसरं कारण पाण्याचं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, तेल्हारा, अकोट या भागांतल्या बोअरच्या पाण्यात गिलावा आणि घोळ कालवला, की ते क्षार भिंतीत राहतात. ओल आली की सांध्यांतून बाहेर येऊन पांढरा लोणा धरतो, ग्राउट भुसभुशीत होऊन झडतं, आणि सारखी असलेली रेषा कुरतडल्यासारखी दिसते. ग्राउट कालवायला लागतं किती? बादलीभर. तेवढं नळाचं गोडं पाणी आणावं, तराईलाही तेच वापरावं.

आता बसवून झालेल्या भिंतीची दुरुस्ती. टाइल लावून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील तर ती अजून हलते. हाताने दाबत सरकवून स्पेसर घालावेत. त्यापुढे ओढाताण केली तर पकड कायमची सुटते. दुसऱ्या दिवशी टाइल पक्की झाली, की तपासणी पद्धतशीर करावी. मोबाइलचा दिवा भिंतीला लागून आडवा धरला तर वर-खाली आलेल्या कडांची सावली पडते. नाण्याने प्रत्येक टाइल वाजवावी. पोकळ आवाज आला तिथे पेन्सिलीची फुली. मग फटींची रुंदी मोजून सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात रुंद अशा दोन्ही लिहून ठेवाव्या.

रुंद फट अरुंद करता येत नाही, पण अरुंद फट रुंद करता येते. दुरुस्तीचा सगळा खेळ यावर चालतो. १ मिलिमीटरपेक्षा बारीक फटीत ग्राउट शिरतच नाही, वरवर चोपडलं जातं आणि काही महिन्यांत निघून पाणी आत जायला लागतं. अशी फट उघडावीच लागते. त्यासाठी मल्टिटूल किंवा बारीक डायमंड पातं वापरावं. सवय नसलेल्याने मोठ्या ग्राइंडरला हात लावू नये, कारण एका झटक्यात चकाकीचा टवका उडतो. कडेला दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावायची, पातं हळू चालवायचं आणि जेवढं घासायचं ते दोन्ही टाइल्सकडून अर्धं-अर्धं घ्यायचं. शेवटचा हात डायमंड पॅडचा. घासून रेषा सरळ झाली की सगळ्या फटींतलं वाळलेलं अ‍ॅडहेसिव्ह आणि सिमेंट खरवडून काढावं. टाइलच्या जाडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जागा मोकळी नसेल तर ग्राउट टिकत नाही.

डोळा फटीचं माप मोजत नाही, शेजारच्या फटीशी तुलना करतो. दोनला लागून पाच दिसली तर खटकतं. दोन, अडीच, तीन, साडेतीन अशी सावकाश वाढली तर बहुतेकांना कळत नाही. म्हणून एका रुंद फटीच्या आसपासच्या दोन-तीन फटी किंचित उघडून फरक पसरवणं हा टाइल न काढता करायचा सगळ्यात उपयोगी इलाज आहे. त्याच्या जोडीला टाइलच्या रंगाशी मिळतं ग्राउट. इथे दुकानात मन मोडतं, कारण नमुन्याच्या भिंतीवर विरोधी रंगाची रेषा सुरेख दिसत असते. ती रेषा ज्या भिंतीच्या सगळ्या फटी सारख्या आहेत तिथेच शोभते.

ग्राउटचा प्रकार फटीच्या रुंदीवर ठरतो. साधारण ३ मिलिमीटरपर्यंत बिनरेतीचं, त्याहून रुंद असेल तर रेतीमिश्रित. रुंद फटीत बिनरेतीचं भरलं तर आकसून तडकतं. बारीक फटीत रेतीचं उतरतच नाही. एकाच भिंतीवर २ पासून ५ मिलिमीटरपर्यंत सगळं असेल तर इपॉक्सी बरं. ते महाग आहे, पण आकसत नाही, पाणी शोषत नाही आणि खाऱ्या पाण्याने झडत नाही. त्याचा त्रास वेगळा: उन्हाळ्यात ते कालवल्यावर झपाट्याने घट्ट होतं, म्हणून एका वेळी थोडंच कालवायचं आणि टाइलवरचं मागोमाग पुसायचं, उशीर झाला तर चिकट झाक राहते आणि काढायला खास द्रावण लागतं. गावोगावी अजून चालणारं नुसतं व्हाइट सिमेंट टाळावंच. ते आकसतं, पिवळं पडतं, आणि सारख्या फटीही वर्षभरात वेगवेगळ्या दिसू लागतात.

दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा आणि भिंत-जमिनीची कड इथे ग्राउट भरू नये. दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात, काळ्या मातीवरच्या घरात तर हमखास. तिथे त्याच रंगाचं, बुरशीरोधक सिलिकॉन भरावं. ते ताणलं जातं पण तुटत नाही.

राहिला टाइल काढण्याचा प्रश्न. मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या फरकासाठी भिंत फोडू नये. फोडताना वॉटरप्रूफिंगला इजा झाली तर पुढचं दुखणं फटीपेक्षा मोठं असतं. काढायची ती पोकळ वाजणारी टाइल, कड बाहेर आलेली टाइल, आणि डोळ्याच्या उंचीवर रेषा मोडणारी टाइल. आधी चारही बाजूंच्या फटी पूर्ण मोकळ्या करायच्या, मगच टाइलच्या मध्यावर भोक पाडून आतून कडेकडे तुकडे काढायचे. कडेला छिन्नी लावून उचकटली तर शेजारची टाइलही फुटते. मागचा थर खरवडून भिंत सपाट केली नाही तर नवी टाइल बाहेर येते.

या सगळ्याला सुटी टाइल हाताशी लागते. म्हणून काम संपल्यावर उरलेली खोकी दुकानात परत देताना एक अखंड खोकं ठेवून घ्यावं आणि त्यावरचे बॅच, शेड आणि मापाचे क्रमांक घराच्या नकाशावर टिपून ठेवावेत. मोरबीतले कारखाने डिझाइन भराभर बदलतात. तेच डिझाइन पुन्हा मिळालं तरी पुढच्या बॅचचं माप आणि शेड जुळेलच याची खात्री दुकानदारही देत नाही.